ग्लोव्हज घेताना मी आधी अस्तर बघते

मी नांदेडला ब्लाउज शिवते. घरातच दोन मशिनी आहेत, लग्नसराईत रात्री बारापर्यंत उठायला होत नाही. अशा बाईनं किकबॉक्सिंगच्या सामानावर लिहावं हे आमच्या सासूबाईंना अजून रुचलेलं नाही. पण लेकीला क्लासला सोडता सोडता मीही बॅचमध्ये शिरले, आणि दोघींसाठी ग्लोव्हज, गार्ड घेताना जे जे बघावं लागलं ते बरंचसं माझ्याच धंद्यातलं निघालं. अस्तर कसलं, फोम कुठला, टाका केवढा, माप कुणाचं. क्लासमधल्या बाकीच्या आया सारख्या विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

क्लास आमचा साधा. मंगल कार्यालयामागचा हॉल, खाली लाल-निळ्या मॅट, ठोसे मारायच्या दोन बॅगा टांगलेल्या. सर मूळचे तायक्वांदोचे; आता हात बॉक्सिंगचे आणि पाय तायक्वांदोचे असं मिळून शिकवतात. मुली बऱ्याच आहेत. बॉक्सर निखत झरीन २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोनदा जगज्जेती झाली, आणि तिचा निजामाबाद जिल्हा म्हणजे आमच्या शिवेलाच लागून. हॉलच्या भिंतीवर तिचा फोटो आहे. नव्या पोरीची आई चौकशीला आली की सर आधी तो फोटो दाखवतात, मग फी सांगतात.

नाव घातल्या घातल्या सर कुणालाच सामान घेऊ देत नाहीत. "आधी पाय हलू द्या, मग हाताचं बघू," म्हणतात. सहामाही जवळ आली की निम्मी पोरं गळतात, आणि घेतलेले ग्लोव्हज माळ्यावर जातात, हे त्यांनी पुष्कळ पाहिलंय. तोवर क्लासचे ग्लोव्हज वापरायचे. ते एका पोत्यात असतात. पाच वाजताच्या बॅचनं काढून ठेवलेले सहाच्या बॅचनं घालायचे. उन्हाळ्यात नांदेडचा पारा बेचाळीसच्या पुढं जातो; त्या दिवसांत त्या ग्लोव्हजमध्ये हात घालणं म्हणजे दुसऱ्याच्या ओल्या मोज्यात पाय घालणं. लेकीच्या मनगटावर गोल लालसर चट्टा उठला. त्वचेच्या डॉक्टरांनी बघताच नायटा म्हणून सांगितलं आणि विचारलं, "कुणाचं काही वापरते का?" त्यावर आमचं ठरलं. दोघींचे आपापले ग्लोव्हज, आपापल्या पट्ट्या, एकमेकींचेसुद्धा नाहीत.

सर म्हणाले, आधी पट्ट्या घ्या. क्लासमध्ये त्यांना सगळे रॅप म्हणतात. मनगट धरून एका हातात २७ हाडं असतात. मुठीनं बॅगेवर मारताना ती एकमेकांपासून पसरायला बघतात. पट्टी त्यांना बांधून ठेवते आणि मनगट मुडपू देत नाही. ग्लोव्हजमधला फोम समोरच्याला वाचवतो, हात वाचवते ती पट्टी, असं सरांचं म्हणणं. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या हाडांवर बसायला पाहिजे. नवशिक्याचा तो सरकून करंगळीकडं जातो, आणि करंगळीच्या खालचं तळहातातलं हाड मोडतं. डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. आमच्या बॅचमधल्या एका पोराचं झालं होतं, तेही बॅगेवर नाही, भावाशी भांडून दारावर मारताना. ही गोष्ट सर प्रत्येक बॅचला सांगतात.

बाजारात रॅप १२० आणि १८० इंचांचे मिळतात. १८० म्हणजे पाच वार. लहान पोरांना १२० पुरतात, मोठ्या हाताला तेवढ्यात बोटांच्या मधून फेरे घेता येत नाहीत. मी म्हटलं, पाच वार पट्टीचे अडीच-तीनशे कशाला द्यायचे? घरी करून बघू. होजिअरीचं कापड दोन इंच रुंद कापलं तर कडा वळून सुतळी होते, म्हणून ते सोडलं. जाड सुती टेप घेतली, एका टोकाला अंगठ्याचा फासा केला, दुसऱ्या टोकाला चार इंच व्हेल्क्रो. व्हेल्क्रोची काटेरी बाजू कुठल्या अंगाला येणार हे आधी हातावर गुंडाळून ठरवावं लागतं, नाहीतर शेवटचा फेरा चिकटतच नाही. मला सरळ-उलट्याचा सराव आहे, म्हणून जमलं. पट्ट्या टिकाऊ झाल्या. पण विकतच्या चांगल्या रॅपमध्ये विणीतच थोडा ताण असतो, तो साध्या टेपला नाही, आणि अर्ध्या तासात मनगटाशी सैल पडतं. आता बॅगेला माझ्या पट्ट्या आणि जोडीच्या सरावाला विकतच्या. मेडिकलमधलं क्रेप बँडेज काही जणी वापरतात. ते फार ताणतं. घट्ट बांधलं की बोटं थंड पडतात, सैल बांधलं तर उपयोग नाही.

आता ग्लोव्हज. यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो घालवायला मला आवडलाही.

दुकानात पहिला प्रश्न असतो, किती औंस? एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. १२ औंस म्हणजे एका हाताचा ग्लोव्ह सुमारे ३४० ग्रॅमचा, १६ औंस म्हणजे साडेचारशेच्या थोडा वर. आकडा वाढला की फोम वाढतो. बॅग आणि पॅडवर मारायला १०-१२, समोर माणूस असेल तर १४-१६, पोरांना ६-८, असा ढोबळ हिशोब. माणसासमोर जड ग्लोव्हज घालायचे ते समोरच्यासाठी. बॅगेवर बडवून बडवून दबलेला फोम घेऊन कुणाच्या तोंडावर मारायचं नाही, म्हणून ज्यांना परवडतं ते दोन जोड ठेवतात. आम्हाला एकेकच परवडणार होता. सरांनी लेकीला १२ आणि मला १४ सांगितले. ती उगाच जोरात मारत नाही, मी मारते.

नांदेडच्याच वजिराबादेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर एक लालभडक जोड टाकला. "हाच घ्या ताई. सगळे हाच नेऊ लालेत." छापलेलं होतं १२ औंस. मी तो आधी घातलाच नाही. मनगटाची कड मागं दुमडली आणि आतलं अस्तर बोटानं बाहेर ओढून बघितलं. पातळ टॅफेटा, पावसाळी जॅकेटला लावतात तसला. शिवण एकेरी, मार्जिन जेमतेम दोन सूत, कडेचे धागे सुटलेले. घामानं भिजलेला हात त्यात रोज जाणार-येणार. असलं अस्तर पंधरवड्यात उसवतं, आणि मग बोट दर वेळी अस्तर आणि फोमच्या मध्ये जाऊन अडकतं. अंगठ्याकडची शिलाई बघितली. टाका लांब होता. रेक्झिनला टाका फार बारीकही चालत नाही, भोकाशेजारी भोक पडून तिकिटासारखं फाटतं, पण हा अगदीच कच्चा घातल्यासारखा. मग मुठीवरच्या गादीवर अंगठा दाबला. सरळ पलीकडचं बोट लागलं. सोफ्याच्या दुकानात चिंधी फोम मिळतो, तुकडे चिकटवून केलेला. हाताला तोच लागत होता. चांगल्या ग्लोव्हजमध्ये घट्ट आणि मऊ फोमचे थर एकावर एक असतात किंवा अख्खा साच्यात ओतलेला एकच तुकडा असतो. दाबला की हळूच वर येतो.

दुकानदार बघतच होता. "शिलाईचा धंदा हाय का तुमचा?" मी हो म्हटलं. त्यानं मुकाट्यानं तो जोड उचलला आणि वरच्या फळीवरून दुसरा काढला.

तो बरा होता. अंगठा मुख्य भागाला पट्टीनं शिवलेला होता, आणि हे मी सगळ्यांना बघायला सांगते. अंगठा मोकळा राहिला तर मारताना मागं दुमडतो किंवा समोरच्याच्या डोळ्यात जातो. मनगटाची पट्टी रुंद होती, फोम दाबून वर येत होता. पण हात घातल्यावर मूठच वळेना. आतली जागा पुरुषाच्या हाताची. माझी बोटं टोकापर्यंत पोचेनात आणि तळव्यात हात हलत होता. मी माझ्या पर्समधली टेप काढली, अंगठा सोडून तळव्याचा घेर मोजला, सात इंच. दुकानदाराचा आठच्या वर भरला. औंस सारखे असले तरी आतली जागा कंपनीगणिक वेगळी असते, आणि तो घेर डब्यावर कुणी छापत नाही. म्हणून पट्टी बांधूनच हात घालून बघायचा. बोटांची टोकं वर अलगद टेकली पाहिजेत, मूठ जोर न लावता मिटली पाहिजे. आम्ही पट्ट्या घेऊनच गेलो होतो. दुकानात लेकीनं पाच वार पट्टी हाताला गुंडाळली तेव्हा क्रिकेटची बॅट घ्यायला आलेली पोरं खेळ बघितल्यासारखी उभी राहिली.

तो जोड परत ठेवला. आणखी एक गंमत म्हणून पहिल्या लाल जोडातला एक ग्लोव्ह दुकानदाराच्या परवानगीनं शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला. तीनशेही भरला नाही. छापायला काय जातंय.

ऑनलाइन घ्यावे असं लेकीचं म्हणणं होतं. ऑनलाइन अस्तर ओढून बघता येत नाही, एवढं एकच कारण मी सांगितलं. तिला ते पटलं नाही, पण पैसे माझे होते.

शेवटी ग्लोव्हज आले ते सचखंड एक्स्प्रेसनं. आमच्या गल्लीत एक शीख कुटुंब आहे, त्यांचा माल मी शिवते. नांदेड ते अमृतसर जाणारी ही गाडी जालंधरला थांबते, आणि जालंधर म्हणजे खेळाच्या सामानाचं गाव. १९४७ च्या फाळणीत सियालकोटचे कारागीर इकडं आले, काही जालंधरला बसले, काही मेरठला. तिथूनच आजही आपल्या दुकानांत बहुतेक माल येतो. बस्ती नौ भागात दुकानामागं दुकान आहे, असं भाभींनी सांगितलं. त्यांचा मुलगा गतका, म्हणजे शिखांचा काठी-तलवारीचा खेळ, खेळतो, होला मोहल्ल्याला हजूरसाहिबच्या मिरवणुकीत काठी फिरवताना त्याला बघणं म्हणजे डोळ्यांची पापणी लवू नये. त्याला सामानाची जाण. तो अमृतसरला निघाला तेव्हा मी त्याला दोन कागद दिले. त्यावर आमच्या दोघींच्या पंजांची पेन्सिलनं काढलेली कड, पट्टी बांधून, खाली घेर इंचात. सोबत सूचना: अस्तर दुहेरी शिवणीचं, अंगठा जोडलेला, व्हेल्क्रो रुंद. लेसचे, म्हणजे बुटासारखी नाडी असलेले ग्लोव्हज मनगटाला जास्त चांगले बसतात, पण ते बांधायला दुसरं माणूस लागतं, म्हणून नकोच. तिथून त्यानं फोनवर विचारलं, "आंटी, चमडा या रेक्झिन?" चामड्याचे जवळजवळ अडीचपट महाग होते. लेकीचे रेक्झिनचे घेतले, कारण वर्षभरात तिचा हात वाढणार. माझे चामड्याचे. म्हशीचं कातडं, जरा जाड. पहिले काही दिवस मूठ मिटायला कडक लागले, मग बसले. कातडं खरं की खोटं ते कापलेल्या कडेवर कळतं. रेक्झिनच्या कडेला खाली कापडाचं जाळं दिसतं, कातड्याच्या कडेला तंतू.

माउथगार्ड हा प्रकार स्वस्त, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. माझा शंभर-दीडशेतला, गरम पाण्यात मऊ करून चावायचा. पाकिटावर लिहिलेले सेकंद पाळायचे, जास्त झालं तर गोळा होतो. चमच्यानं काढायचा, थंड पाण्यात क्षणभर बुडवायचा, वरच्या दातांवर बसवायचा, चावायचा, ओठांवरून बोटांनी दाबायचा, जिभेनं आतून टाळूकडं रेटायचा आणि हवा ओढून घ्यायची. मग परत थंड पाणी. तोंड उघडल्यावर खाली पडला नाही तर बसला. सासूबाई चहाचं आधण टाकायला आल्या तेव्हा मी असा चेहरा करून ओट्याशी उभी होते.

लेकीचं तसं चालणार नव्हतं. तिच्या दातांना तारा आहेत. गरम करून चावलेला गार्ड तारांच्या ठोकळ्यांत घट्ट रुतून बसतो आणि काढताना ठोकळाच निघून येतो. दाताच्या डॉक्टरांकडून माप देऊन बनवून घ्यावा, तर दात सरकतच असतात, काही महिन्यांत तो बसेनासा होतो. डॉक्टरांनीच तारांसाठीचा सिलिकॉनचा गार्ड सुचवला. त्याच्या आत तारांसाठी खाच असते आणि तो गरम करावा लागत नाही. आमच्या बॅचमध्ये तारावाल्या चार-पाच पोरी आहेत. त्यांच्या आयांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

हेडगार्डबद्दल माझं मत सरांपेक्षा जरा वेगळं आहे. लोकांना वाटतं, डोक्यावर गादी बसवली की डोकं सुरक्षित. हेडगार्डनं भुवई फुटत नाही, कान चेंगरत नाही, दोघांची डोकी आपटली तर खोक पडत नाही. पण मेंदू कवटीच्या आत हलतो तो हलतोच, त्याला बाहेरची गादी थांबवू शकत नाही. मोठ्या पुरुष बॉक्सरांच्या स्पर्धांतून २०१३ पासून हेडगार्ड काढला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष उघड्या डोक्यानं खेळले. बायकांचा मात्र ठेवला. सर म्हणतात, सगळ्यांनी घ्याच. मी म्हणते, जोडीचा सराव सुरू होईपर्यंत घाई नको, आणि घातला म्हणून डोक्यावर जोरात मारायची मुभा कुणालाच देऊ नका. यावर आमची चर्चा अजून चालू आहे.

घ्यायचा तर केस बांधून जा. दुकानात मोकळ्या केसांवर छान बसतो आणि क्लासमध्ये अंबाडा मागच्या व्हेल्क्रोच्या पट्टीखाली येतो, की पुढून डोळ्यांवर घसरतो. आमच्या पोरी आता दोन वेण्या घालून मानेपाशी खाली बांधतात. गालाला जाड गादी असलेल्या हेडगार्डमधून खालचं नीट दिसत नाही, पाय येताना कळत नाही. बॉक्सिंगला चालेल, लाथ असलेल्या खेळाला नको.

नडगीचा गार्ड मोज्यासारखा ओढून घालायचा मिळतो, किंवा मागून पट्ट्यांनी बांधायचा. मोज्याचा स्वस्त, पण चार लाथांत पोटरीकडं फिरतो. मी त्याला आतून रबरी इलॅस्टिकची पट्टी शिवून घेतली, आता जागेवर राहतो. मापं उंचीवरून असतात. गुडघ्याच्या खाली दोन बोटं सोडून सुरू व्हावा आणि पावलाची वरची बाजू झाकावी. लाथेत पावलाचं हाड समोरच्याच्या कोपरावर बसलं की काय होतं ते मला माहीत आहे, सांगत नाही.

छातीच्या गार्डाचं दुकानात विचारायला बायका लाजतात आणि दुकानदार त्यांच्याहून जास्त लाजतो. "लेडीज गार्ड" एवढंच पुटपुटून तो मागं गोदामात जातो. तायक्वांदोचा लाल-निळा चेस्टगार्ड वेगळा, तो सगळेच घालतात. हा आतला, प्लास्टिकचा. एक प्रकार सबंध पाटीसारखा, दुसरा दोन वाट्यांचा. माझं काम कटोरी ब्लाउजचं, त्यामुळं वाट्यांमधलं अंतर चुकलं तर कडा कुठं रुतणार हे बघताच कळतं. वाढत्या वयाच्या पोरींना सबंध पाटीवाला बरा, काखेत टोचत नाही. बायकांसाठी कमरेखालचा गार्डही मिळतो. त्याची चौकशी मी पोरींच्या वतीनं मोठ्यानं करते, म्हणजे त्यांना करावी लागत नाही.

निगा राखणं सोपं आहे, आठवण पाहिजे. क्लासहून आल्यावर ग्लोव्हज पिशवीतून काढायचे, तोंड उघडं ठेवून पंख्याखाली टांगायचे. उन्हात नाही, आपल्या उन्हात रेक्झिनला महिन्याभरात भेगा पडतात. आत जुना पेपर कोंबला की ओल ओढून घेतो. मी ब्लाउजच्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यांच्या दोन पुरचुंड्या करून त्यात कोळसा भरलाय. पट्ट्या रोज धुवायच्या. पाण्याचे हाल असतील तेव्हा बादलीभर पाण्यात दोघींच्या धुऊन तेच पाणी संडासात टाकते.

आता बॅचमधल्या सतरा-अठरा पोरींचे पंजे माझ्या वहीत आहेत. त्याच वजिराबादच्या दुकानदाराला मी मापं दाखवली आणि साडेसहा ते सात इंच घेराचे ग्लोव्हज मागवायला सांगितले. तो तयार आहे, पण निम्मे पैसे आधी मागतोय. सर म्हणतात तिसरा हिस्सा द्या, आणि माल आल्यावर मी अस्तर बघितल्याशिवाय बाकीचे देऊ नका. हे शेवटचं दुकानदाराला मान्य नाही. सध्या बोलणी तिथं अडलीत.